मदत हवी आहे: किक स्कूटरला मजबूत फोर्क

लेकाच्या किक स्कूटरचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुभागी दांडा) वाकलाय. पेव्हर ब्लॉकवर दिवसभर उड्या मारल्यावर दुसरं काय होणार! चाक एका बाजूला घासतं आणि वेल्डजवळ नखाएवढी चीर दिसते, म्हणून स्कूटर माळ्यावर टाकलीय. काळबादेवीत सायकलवाला म्हणाला, "वेल्डिंग मारून देतो." मन धजावलं नाही.

क्रोमोलीचा (मजबूत मिश्र पोलादाचा) फोर्क घ्यायचा आहे. चाक ११० मिमी, रुंदी २४ मिमी. अडचण अशी की जुना फोर्क आट्यांचा, नवे बहुतेक बिनआट्यांचे. म्हणजे हँडल आवळणारा क्लॅम्प, फोर्क आणि हेडसेट घट्ट बसवायची एचआयसी किंवा एससीएस कॉम्प्रेशन पद्धत, सगळंच आलं. हेडट्यूबमध्ये (फ्रेमच्या पुढच्या, फोर्क जातो त्या नळीत) इंटिग्रेटेड, म्हणजे वेगळ्या कपाशिवाय थेट आत बसणारं बेअरिंग बसेल का, हे कसं ओळखायचं? हँडलही बदलावं लागेल का? दादर-परळकडे हे काम नीट करणारं कोणी आहे का?