बोरगुंडचं चर्च आणि आपलं कौतुक

सुतारपक्षी:
परवा इथे कोणीतरी नॉर्वेतल्या बोरगुंडच्या लाकडी चर्चचा फोटो टाकला. खाली मजकूर: "एकही खिळा नाही, देखभाल नाही, ९०० वर्षं ताठ उभं! आणि आपल्याकडे सगळं कुजतं." डोकं फिरलं वाचून. नऊशे कुठली, त्याची लाकडं ११८०च्या आसपास तोडलेली. ज्याला देखभाल नाही म्हणताय त्या भिंती पाइनचं डांबर फासून फासून काळ्या झाल्यात. आणि खरी अक्कल जोत्यात आहे. आधीच्या चर्चचे खांब थेट मातीत रोवत. बुडं कुजली की खेळ खलास. मग दगडावर आडवे ओंडके टाकून त्यांवर खांब उभे केले, म्हणून हे टिकलं. अशी शेकडो होती, उरली २८. उरलेल्यांचे फोटो बघून "जुनं ते भक्कम" म्हणायला काय जातं?

फोटोवाला:
मीच तो. कौतुक करायचीही चोरी! खिळ्यांचं मात्र शिताफीने टाळलंत.

सुतारपक्षी:
सांगाडा खाचा नि लाकडी खुंट्यांवर आहे, मान्य. दाराला कडी-कुलूप लोखंडाचंच. झालं समाधान?

ओस्लोतली_माई:
सुतारपक्षी, बाकीची सगळी कुजून नाही गेली हो. १८५१च्या कायद्याने गावाची तीन-दशांश वस्ती मावेल एवढं चर्च सक्तीचं केलं, त्यात कितीतरी धडधाकट चर्चं पाडली. वांग गावचं चर्च तर त्याच्या आधीच लिलावात निघालं. प्रशियाच्या राजासाठी घेतलं, आज पोलंडात कार्पाचला उभं आहे.

इतिहासवेडा:
छपरावर ड्रॅगनची तोंडं दिसतात ना? म्हणजे मूळचं ख्रिस्ती धर्म येण्याआधीचं देऊळच. कोणी बोलत नाही यावर.

ओस्लोतली_माई:
नॉर्वेतल्याच ऊर्नेसच्या चर्चच्या उत्तर भिंतीतलं कोरीव दार (बारीक कमरेचा प्राणी, सापांची वेटोळी) जुन्या वास्तूतलं आहे खरं. पण ती वास्तू आधीचं चर्चच होती.

जांभा_चिरा:
तिकडचं राहू द्या. आमच्या गावच्या देवळाचा सागवानी सभामंडप २००९ साली उतरवला. स्लॅब, टाइल्स, वर स्टीलची रेलिंग. माझे आजोबा दर वैशाखात खांबांना काजूच्या टरफलांचं तेल लावायचे, आम्ही पोरं चिंध्या धरून मागे. काळे हात आठवडाभर जायचे नाहीत. ते डांबर काय नि हे तेल काय, गोष्ट एकच.

फोटोवाला:
एकच कशी? नॉर्वेत वाळवी नाही. आमच्याकडे पाऊस, वाळवी, वर माकडं कौलांवर. आणि वैशाखात तेल लावायला तुम्ही येणार होतात का मुंबईहून? जत्रेला दोन दिवस यायचं, नारळ फोडायचा आणि स्लॅब पाहून उसासे टाकायचे! वासे बदलायला सुतार मिळेना म्हणून स्लॅब घातला. गळक्या मंडपात मी तीन पावसाळे बादल्या मांडल्यात.

जांभा_चिरा:
बैठकीत माझ्या वडिलांनी वर्गणी देऊ केली होती. कोणी ऐकून घेतलं नाही. तुम्ही माझ्याच गावचे निघालात तर मला आश्चर्य वाटणार नाही.

ओस्लोतली_माई:
भांडू नका. सरकारने २००१ ते २०१५ पैसा ओतला तेव्हा ही २८ चर्चं धड झाली. नुसत्या गावकीच्या जिवावर नाही. आणि बर्गनजवळचं फांतॉफ्त चर्च १९९२ला कोणी जाळलं, १९९७पर्यंत तसंच नवं बांधलं. कोणी नकली म्हणतं, मी गेले तेव्हा लोक आत मान वर करून बघत होते.

सुतारपक्षी:
नकलीच ते. पण बांधलं, हे बरं केलं. एवढंच मान्य.

फोटोवाला:
चला, साहेबांनी काहीतरी मान्य केलं. फोटोखालचं "देखभाल नाही" काढतो, ९००चं साडेआठशे करतो. जांभा_चिरा, आमच्या मंडपाचे दोन खांब माझ्या गोठ्यात आहेत. एकाचं बूड पोकळ वाजतं. ते तेल आता कुठे मिळतं?