मदत हवी आहे : सीता अशोकाची पानं कडेनं करपतायत

नमस्कार मंडळी. मी मिरज तालुक्यातला. आमच्या परड्यात सीता अशोक आहे. रस्त्याकडेला सरळसोट वाढतो तो आसोपालव नव्हे, ज्याची साल अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधात वापरतात तो खरा अशोक. आईच्या हातचं झाड, म्हणून जीव अडकलाय. 5 वर्षं झाली, माझ्या डोक्याएवढं झालंय, अजून एकही फूल नाही.

नवी पालवी सुरेख येते. तांबूस, मऊ, झुंबरासारखी खाली लोंबते. पण ती हिरवी होऊन ताठ झाली की मार्चपासून पानांच्या कडा तपकिरी पडतात. बोटानं चोळलं तर कड पापडासारखी चुरते, देठाजवळ मात्र पान हिरवंगार.

जमीन काळी, जड. पाणी बोअरचं, मचूळ. आळं वाळलं की वर पांढरा थर दिसतो. दुपारचं ऊनही थेट अंगावर. हे झाड मुळात कोकण-घाटातल्या ओढ्याकाठच्या सावलीतलं, त्यामुळे मला क्षार आणि ऊन दोन्हींचा संशय येतो. बुंध्याभोवती उसाचं पाचट पसरलंय, ओल टिकते, पण करपणं थांबलेलं नाही.

क्षारांवर उपाय म्हणून जमिनीत जिप्सम टाकू का? शेडनेट बांधली तर फुलं आणखी लांबतील का? उपटून दुसरीकडे लावायचं धाडस होत नाही. सालीसाठी विचारणारे येतात, त्यांना मी हातही लावू देत नाही. एवढ्याशा बुंध्याची साल काढली तर झाड जाईल. काळ्या रानात कुणी सीता अशोक फुलवला असेल, तर कृपया सविस्तर सांगा.