चंद्रयान की चांद्रयान? (आणि उतरलं, आदळलं की लवंडलं?)

दिवाळी अंकांची मुद्रितं तपासायचं काम मी हौसेने करते, मानधन नावापुरतंच. यंदा एका अंकात चंद्रमोहिमांवर बावीस पानी लेख आहे. लेखकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत 'चंद्रयान' लिहिलं होतं. मी लाल पेनाने ४३ ठिकाणी काना देऊन 'चांद्रयान' केलं. चांद्रमास, चांद्रवर्ष, मग चांद्रयान, असा माझा सरळ हिशेब. शिवाय मराठी वर्तमानपत्रंही बहुतेक तसंच छापतात. रात्री साडेनऊला लेखकाचा फोन. "बाई, माझ्या यानाला काना कुणी लावला?"

त्यांचं म्हणणं, इस्रोने नाव ठेवलंय 'चंद्रयान', तर ते बदलणारे आपण कोण? शेजारच्या मुलाचं नाव महेंद्र असेल तर त्याचं आपण 'माहेंद्र' करतो का?

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे चर्चेच्या पानावर विचारते, तुमचे प्रतिसाद हवेत. आणखी एक. लेखात 'हार्ड लँडिंग'ला 'कठोर अवतरण' आणि 'सॉफ्ट लँडिंग'ला 'मृदू अवतरण' लिहिलंय. वाचताना दाताखाली खडा येतो. दुसरं काय लिहू?

दोन्ही बरोबर, म्हणून तर भांडण मिटत नाही

ताई, व्याकरणाने दोघांनाही पास केलंय. 'चंद्रयान' हा सरळ समास. चंद्रग्रहण, चंद्रकोर, चंद्रप्रकाश यांत आपण कुठे काना देतो? 'चांद्र' हे तद्धित, म्हणजे नामाला प्रत्यय लागून झालेलं विशेषण: चंद्राचं, चंद्राशी संबंध असलेलं. सूर्यावरून सौर, पृथ्वीवरून पार्थिव, तसं चंद्रावरून चांद्र. सूर्यग्रहण आणि सौरऊर्जा एकाच भाषेत सुखाने नांदतात, कुणी 'सौरग्रहण' करा म्हणून अर्ज देत नाही.

कुठे समास घ्यायचा आणि कुठे तद्धित, हे नियमापेक्षा कान ठरवतो. मराठी कानाला 'चांद्र' आवडतं, हे खरं. आर्मस्ट्राँग आपल्याकडे चांद्रवीरच होतो, चंद्रवीर म्हटलं की एखाद्या राजपुत्राचं नाव वाटतं.

मंगलयानाच्या वेळी कुठे होता हा न्याय?

विशेषनाम बदलू नये म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. ५ नोव्हेंबर २०१३ ला निघून २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोचलं, त्या यानाला दिल्लीकर 'मंगलयान' म्हणत होते. आपण पहिल्या दिवसापासून 'मंगळयान' केलं. ल चा ळ करताना कुणाचा फोन आला होता?

आणि काना देणाऱ्यांनाही एक प्रश्न. चंद्राचं चांद्रयान, तर मंगळाचं 'मांगळयान' का नाही? गगनयानाचं 'गागनयान'? म्हणून बघा मोठ्याने, घरातली लहान मुलं हसतील.

टोपणनाव आणि कागदावरचं नाव

मंगळयान हे लाडाचं नाव होतं. कागदोपत्री ती 'मार्स ऑर्बिटर मिशन'. लाडाचं नाव घरोघर वेगळं असायचंच. 'चंद्रयान' मात्र कागदावरचं नाव आहे, १५ ऑगस्ट २००३ ला वाजपेयींनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलेलं. त्याआधी सुचलेलं नाव 'सोमयान' होतं आणि वाजपेयींनीच ते बदलून चंद्रयान केलं, असं तेव्हाचे इस्रोप्रमुख कस्तुरीरंगन यांनी नंतर सांगितलंय.

म्हणजे थोडक्यात वाचलो. सोमचं तद्धित होतं 'सौम्य'. काना देणाऱ्यांनी त्याचं 'सौम्ययान' केलं असतं. (सॉफ्ट लँडिंगचा प्रश्न मात्र तिथल्या तिथे सुटला असता.)

यान म्हणजे वाट

जरा विषयांतर, पण राहवत नाही. 'यान'चा मूळ धातू 'या', म्हणजे जाणे. त्यामुळे जाण्याचं साधन ते यान आणि जाण्याची वाटही यानच. छांदोग्य उपनिषदात मेल्यानंतरच्या दोन वाटा सांगितल्या आहेत. देवयानाने गेलेला परत येत नाही. पितृयाणाने गेलेला धूर, रात्र, कृष्णपक्ष, दक्षिणायनाचे महिने असं करत चंद्रापर्यंत पोचतो, पुण्य असेतो तिथे राहतो आणि आल्या वाटेने खाली येतो.

चंद्रावर जाऊन माघारी येण्याची वाट! केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली चंद्रयान-४ मोहीम नेमकी हीच. दोन वेळा प्रक्षेपण करून भाग वर न्यायचे, अवकाशात जोडायचे, चंद्रावर उतरून माती भरायची आणि घेऊन परत यायचं. या न्यायाने चंद्रयान १ ते ३ ही सगळी देवयानंच म्हणायची, जमिनीवर परत आलं नाही एकही. चीनने मात्र पितृयाण दोनदा साधलंय. २०२० मध्ये चांग-ई-५ ने १७३१ ग्रॅम माती आणली आणि जून २०२४ मध्ये चांग-ई-६ ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची १९३५.३ ग्रॅम.

वरच्या प्रतिसादात उत्तर आहे

तुम्ही 'चीनने' लिहून पुढे गेलात, पण तिथेच गंमत आहे. 'चीनचं चंद्रयान' असं लिहून बघा. इस्रोने एक यान विकलं की काय, असं वाटतं. 'चीनचं चांद्रयान' म्हटलं की शंका उरत नाही. म्हणजे भाषेने आपसूक वाटणी केलेली आहे. विशेषनाम चंद्रयान, सामान्यनाम चांद्रयान. चंद्रयान-३ हे भारताचं चांद्रयान, लुना-२५ हे रशियाचं चांद्रयान. ताई, तुमच्या ४३ काना-खुणा या चाळणीतून काढा.

हार्ड लँडिंग म्हणजे आदळणे, आणखी काय

मी यंत्रांच्या धंद्यात आयुष्य काढलं, अवकाशाच्या नव्हे, तरी सांगतो. 'कठोर अवतरण' कृपा करून खोडा. अवतरतात ते देव, नाहीतर अवतरणचिन्हं. यान उतरतं. नीट उतरलं तर 'अलगद उतरलं', बस्स. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी, चंद्रयान-३ उतरताना, आमच्या घरी सगळे श्वास रोखून बसले होते. आईने हात जोडले आणि म्हणाली, "टेकला गं बाई." त्यातल्या 'विक्रम' या चंद्रावर उतरणाऱ्या भागासाठी याहून चांगलं क्रियापद मला आजवर सापडलेलं नाही. पाळण्यातल्या बाळाची मान उशीला टेकते, तसा टेकला.

आता 'हार्ड लँडिंग'. ७ सप्टेंबर २०१९ ला चंद्रयान-२ चा विक्रम खाली जाताना, पृष्ठभाग सुमारे २.१ किलोमीटरवर असताना, संपर्क तुटला. पुढे लोकसभेतल्या लेखी उत्तरात सरकारने सांगितलं की ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत त्याचं 'हार्ड लँडिंग' झालं. सरकारी कागदाला ही भाषा शोभते. मराठीत त्याला आदळणे म्हणतात. लुना-२५ देखील १९ ऑगस्ट २०२३ ला आदळलं. लाज वाटायचं कारण नाही, शब्द खरा आहे.

मात्र एक बारकावा लेखकाला जरूर कळवा. आदळणे आणि आदळवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १४ नोव्हेंबर २००८ ला चंद्रयान-१ मधून एक छोटं उपकरण सोडलं होतं, तिरंगा रंगवलेलं. ते शॅकलटन विवराजवळ मुद्दाम आदळवलं. १९५९ मध्ये सोव्हिएत लुना-२ सुद्धा असंच आदळवलं होतं आणि चंद्रावर पोचलेली ती माणसाने बनवलेली पहिली वस्तू ठरली. मराठीच्या प्रयोजक क्रियापदाने एका 'व' मध्ये जे सांगितलं, त्याला इंग्रजीत अर्धं वाक्य लागतं.

उतरलं पण उभं राहिलं नाही, त्याला काय म्हणाल?

गेल्या दोन-तीन वर्षांत खरी अडचण ही झालीय. यानं उतरतात आणि पडतात. बातम्यांत सगळ्यांना सरसकट 'कलंडले' लावतात. आपल्याकडे पडण्याचे इतके प्रकार असताना!

जपानचं स्लिम, जानेवारी २०२४. लक्ष्यापासून अवघ्या ५५ मीटरवर उतरलं, अचूकपणाची कमाल. पण नाक खाली आणि इंजिन वर. हे कलंडणं नव्हे, हे तोंडघशी पडणं. (आणि तोंडघशी पडूनही चंद्रावरची कडाक्याची रात्र काढून पुन्हा जागं झालं, तेही एकदा नव्हे. त्यासाठी ते बांधलेलं नसताना.)

अमेरिकेतल्या खाजगी कंपनीचं ओडिसियस, २२ फेब्रुवारी २०२४. उतरताना पाय मोडला आणि एका बाजूला झुकून टेकून राहिलं. हे खरं कलंडणं. माठाखालची वीट सरकली की माठ कलंडतो, पण पाणी अजून आत असतं.

त्याच कंपनीचं अथीना, ६ मार्च २०२५. विवरात सपशेल कुशीवर. सौर तावदानांना ऊन मिळेना, दुसऱ्याच दिवशी मोहीम संपल्याचं जाहीर केलं. हे लवंडणं. "जेवून जरा लवंडतो" म्हणणारे आमचे काका तासाभराने तरी उठायचे, ही बया उठलीच नाही.

त्या आधी चारच दिवस, २ मार्चला, ब्लू घोस्ट नावाचं यान चारही पायांवर ताठ उभं राहिलं. त्याला नुसतं 'उतरलं' पुरतं. गंमत बघा, यश मिळालं की शब्द एकच लागतो.

काखेत कळसा

'कक्षा' राहिली. संस्कृतात कक्षा म्हणजे काख, कमरपट्टा, कुंपण आणि ग्रहाचा फिरण्याचा मार्गही. वेढून असतं ते सगळं. आपली 'काख' तिथूनच आली. म्हणजे 'काखेत कळसा, गावाला वळसा' या म्हणीत ऑर्बिट (भोवती फिरण्याची कक्षा) आणि फ्लायबाय (जवळून वळसा घालून निघून जाणं) दोन्ही शेजारी शेजारी बसलेत!

वळसा आणि प्रदक्षिणा मात्र एक समजू नका. प्रदक्षिणा म्हणजे भोवती फिरणं, वळसा म्हणजे मागून जाऊन निघून येणं. एप्रिल १९७० मध्ये प्राणवायूची टाकी फुटल्यावर अपोलो-१३ वळसा घालूनच परतलं. नासाच्या आर्टेमिस-२ मोहिमेचा आराखडाही तोच होता, चौघांनी चंद्रामागून वळसा घ्यायचा, कक्षेत शिरायचंच नाही.

आणि प्रदक्षिणा तरी कुठली खरी? देव उजव्या हाताला ठेवून फिरतात ती, म्हणजे वरून बघता घड्याळाच्या काट्यांसारखी. चंद्र पृथ्वीभोवती उत्तरेकडून पाहिलं तर उलटा फिरतो. आपण पोरांना शिकवतो 'चंद्र पृथ्वीला प्रदक्षिणा घालतो', ती अप्रदक्षिणा निघाली. त्यातल्या त्यात शास्त्रोक्त वागलं ते २०२२ मधलं आर्टेमिस-१. त्याची चंद्राभोवतीची कक्षा विरुद्ध दिशेची होती, काट्यांसारखी. आणि तीही त्याने अर्धीच घातली, सहा दिवसांत निम्मा फेरा करून घराकडे वळलं. शंकराला अर्धीच प्रदक्षिणा घालायची, सोमसूत्र ओलांडायचं नाही, हे नासाला कुणी सांगितलं असेल?

काळी बाजू

ताई, लेखात कुठे 'चंद्राची काळी बाजू' असेल तर तेवढी काढा. तिकडेही आपल्यासारखंच पंधरवडाभर ऊन असतं, फक्त आपल्याला दिसत नाही. चंद्राची पाठ म्हणा, पलीकडची बाजू म्हणा. २०१९ च्या जानेवारीत चीनचं चांग-ई-४ तिथे पहिल्यांदा उतरलं. त्यातल्या गाडीचं नाव युतू-२, युतू म्हणजे जेड रत्नाचा ससा. आपला शशांक तोच, ससा मांडीवर घेतलेला. आणि चंद्रयान-३ 'दक्षिण ध्रुवावर' उतरलेलं नाही, ६९ अंश दक्षिणेला उतरलंय, ध्रुव तिथून सहाशे किलोमीटर पुढे आहे. 'ध्रुवाजवळ' लिहिलं तरी चालून जाईल.

झालं काम

सगळ्यांचे आभार. ४३ पैकी ३४ ठिकाणचा काना काढला, ९ ठिकाणी ठेवला. 'कठोर अवतरण' गेलं, 'आदळलं' आलं. 'काळी बाजू' होती, दोनदा. 'टेकला' मी एका ठिकाणी हळूच घुसवलाय, लेखकाला अजून दिसलेला नाही.

काल पुन्हा फोन आला. काना पटला म्हणाले. आता विचारतायत, 'चंद्रयान-३ने' जोडून की 'चंद्रयान-३ ने' तोडून?