घरच्या स्टुडिओसाठी काय घेऊ: यूपीएस, स्टॅबिलायझर की दुसरंच काही? (डिचोली)

घुमटवाला_डिचोली
मंडळी, सल्ला हवा. घराच्या मागच्या खोलीत छोटा स्टुडिओ मांडलाय. डेस्कटॉप, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणारा डबा), पाच इंची मॉनिटर स्पीकरची जोडी आणि एक कंडेन्सर माइक. चवथीआधी मंडळाच्या घुमट आरत्या (घुमट म्हणजे आमचं मातीचं तालवाद्य) रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत.

त्रास दोन. पाऊस लागला की वीज पोरखेळ करते, टेक, म्हणजे रेकॉर्डिंग, चालू असताना कॉम्प्युटर बंद पडतो. दुसरं म्हणजे स्पीकरमधून कायम घूंऽऽ असा आवाज, आणि अनवाणी उभं राहून गाताना माइकच्या जाळीला ओठ लागला की चक्क चावतो. एका दुकानदाराने २ केव्हीएचा सर्वो स्टॅबिलायझर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं यंत्र) गळ्यात मारायचा घाट घातलाय. बजेट साधारण २५ हजार. घर चिऱ्याचं, आजोबांच्या वेळचं. वायरिंग कधीचं ते देवालाच ठाऊक.

रात्रपाळी_मडगाव
सरळ यूपीएस घ्या आणि मोकळे व्हा.

फोंड्याचा_वायरमन
घुमटवालाबाब, जरा थांबा. अजून काहीच विकत घेऊ नका. माइक चावतो हे वाक्य वाचून मला यूपीएस आठवला नाही, अर्थ आठवला, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर.

साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा आणि स्टुडिओच्या थ्री-पिन सॉकेटमध्ये तीन आकडे बघा: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. सगळी उपकरणं चालू असताना. सवय नसेल तर गावातल्या वायरमनकडून करून घ्या, यात हिंमत दाखवायची गरज नाही. पहिले दोन आकडे जवळपास सारखे आणि तिसरा दोन-चार व्होल्टच्या आत असेल तर पुढचं बोलू.

बेसवाला_वास्को
घूंऽ आवाजावर सोपा उपाय आहे. आमच्या बँडमधल्या एकाने स्पीकरच्या प्लगची मोठी पिनच काढून टाकली. आवाज गायब.

फोंड्याचा_वायरमन
बेसवाले, आवाज गायब झाला, संरक्षणही गायब झालं. आत एखादी फेज वायर सुटून धातूच्या बॉडीला टेकली की ती बॉडी २३० व्होल्टवर बसते आणि जो आधी हात लावेल तो अर्थ होतो. त्या मित्राला आजच नवा प्लग बसवायला सांगा.

घूंऽ घालवायचे मार्ग वेगळे आहेत. सगळी ऑडिओ उपकरणं एकाच बोर्डवरून चालवा, म्हणजे अर्थचे दोन रस्ते तयार होत नाहीत. इंटरफेस ते स्पीकर बॅलन्स्ड केबल वापरा, म्हणजे बाहेरचा गोंगाट आपोआप कापणारी, टीआरएस किंवा एक्सएलआर प्लगची. बाहेरून कीबोर्ड किंवा मिक्सर जोडायचा असेल तर मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल बॅलन्स्ड करणारा छोटा डबा) आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा खटका. तो सिग्नलचा अर्थ तोडतो, मेनचा नाही.

घुमटवाला_डिचोली
मोजलं. शेजारचा आयटीआयवाला मुलगा आला होता. फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ १२१, न्यूट्रल-अर्थ ११३. तो म्हणतो मीटर बिघडला असेल.

फोंड्याचा_वायरमन
मीटर एकदम ठणठणीत आहे. तुमच्या सॉकेटला अर्थच नाही.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थ नीट असेल तर त्यातून येणारा किरकोळ करंट जमिनीत जातो, कोणाला कळतही नाही. अर्थ तुटलेला असेल तर बॉडी मधल्या मध्ये लटकते, म्हणजे मेनच्या साधारण अर्ध्यावर. तुमचे ११३ तिथून आले. तीच बॉडी यूएसबी केबलने इंटरफेसला जोडलेली, इंटरफेस माइकच्या जाळीला. तुम्ही ओल्या फरशीवर अनवाणी, म्हणून चावतो. करंट मिलीअँपिअरहून कमी असतो म्हणून नुसती झिणझिणी येते. पण उद्या खरा फॉल्ट झाला तर त्याला वाट एकच, तुमच्या ओठातून.

सॉकेट उघडून बघायला सांगा. जुन्या वायरिंगला बहुधा दोनच वायरी ओढलेल्या असतात आणि थ्री-पिन नुसता दिसायला बसवलेला असतो.

घुमटवाला_डिचोली
बरोब्बर! तिसरं भोक पूर्ण रिकामं. आत एक वाळलेली पाल मात्र सापडली.

मग आता मेन बोर्डपासून हिरवी वायर ओढली की झालं ना?

फोंड्याचा_वायरमन
अर्धं झालं. ती वायर जिथे जाते तो खड्डा बघा. आपल्याकडे जांभा. वर थोडी माती, खाली दगड, आणि चैत्र-वैशाखात सगळं सुकून कडकडीत. पावसात मोजलात तर रीडिंग झकास येईल, म्हणून अर्थ मे महिन्यात मोजायचा. अर्थचा पाटा, म्हणजे खड्ड्यात गाडायची धातूची प्लेट, विहिरीच्या बाजूला, ओल टिकते अशा जागी घालता आला तर उत्तम. एकाने भागलं नाही तर दुसरा इलेक्ट्रोड काही अंतरावर घाला, पण दोन्ही एकमेकांना तांब्याच्या पट्टीने जोडा. काही ऑडिओवाले स्टुडिओला ‘स्वच्छ’ म्हणून वेगळाच अर्थ घालतात आणि घरच्या अर्थला जोडत नाहीत. हा सगळ्यात वाईट प्रकार. वीज जवळपास पडली की दोन खड्ड्यांमध्ये हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो तुमच्या केबलमधून मिटतो.

आता हिशेब बघा. जांभ्यात अर्थ ५० ओहमचा मिळाला असं धरू. फॉल्ट झाला तर २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास करंट. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की पडणारा खटका, याला हुंगणारही नाही. म्हणून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच, तो थोडा करंट जरी अर्थकडे गळला तरी वीज तोडतो. तुमच्या २५ हजारांतला पहिला खर्च हा: अर्थ वायर, खड्डा, आरसीसीबी. दुकानदार हे सांगणार नाही, त्याला यात काही सुटत नाही.

रात्रपाळी_मडगाव
मान्य, माझा सल्ला उडत उडत होता. पण वीज जाते त्याचं काय? आणि सर्वोबद्दल बोला की, मलाही एकाने तेच चिकटवलंय.

फोंड्याचा_वायरमन
सर्वो तुमच्या कामाला कशाला? बहुतेक कॉम्प्युटर आणि ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, लेबलवर छापलेलं असतं. व्होल्टेज १९० झालं काय आणि २३० झालं काय, त्यांना सुखदुःख नाही. स्पीकरच्या मागे मात्र बघा. काहींना ११५/२३० चा खटका असतो, तो २३० वरच हवा.

खरी भीती दोन. पहिली, पावसाळ्यात झाडाची फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल तुटणं. तसं झालं की घरात २३० ऐवजी साडेतीनशे-चारशेच्या घरात व्होल्टेज येऊ शकतं आणि ते तसंच राहतं. त्याला ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो, मेन बोर्डात बसतो, मर्यादेबाहेर गेलं की तोडतो आणि वीज परत आल्यावर थोडं थांबूनच जोडतो. दुसरी, गडगडाटाचा सर्ज, म्हणजे तारेतून येणारा व्होल्टेजचा क्षणिक धक्का, मे महिन्यातला आणि ऑक्टोबरातला. त्याला मेन बोर्डात टाइप २ एसपीडी, म्हणजे सर्ज अडवणारं उपकरण. एसपीडीच्या वायरी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा, वेटोळी नकोत, नाहीतर पैसे पाण्यात. त्याच्या खिडकीत हिरवं असतं, लाल झालं की काडतूस बदलायचं.

या दोघांची कामं वेगळी आहेत. एसपीडी क्षणभराचा धक्का गिळतो. न्यूट्रल तुटून मिनिटभर चढलेलं व्होल्टेज त्याला झेपत नाही, तोच जळतो. बाजारातल्या स्वस्त स्पाइक गार्डात तर अनेकदा फ्यूज आणि लाल दिव्यापलीकडे काही नसतं. डब्यावर जूलचा आकडा (किती ऊर्जेचा धक्का गिळेल तो) नसेल तर ती नुसती एक्स्टेन्शन समजा.

आणि वीज अगदी डोक्यावर कडाडत असेल तर यातलं काहीच पुरत नाही. प्लग काढा. इंटरनेटची तांब्याची लॅन केबलसुद्धा काढा, बरेच जण ती विसरतात. फायबरच्या तारेतून सर्ज येत नाही, पण त्या डब्याच्या ॲडॉप्टरमधून येतो.

पेडण्याची_मिक्सिंगवाली
यूपीएसचं मी सांगते, रोजचं काम हेच आहे. १ केव्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह (वीज गेली की मगच बॅटरीवर जाणारा), शुद्ध साइन वेव्हवाला, म्हणजे मेनसारखीच गुळगुळीत वीज देणारा घ्या. ‘ऑनलाइन’ प्रकारचा यूपीएस, जो सतत स्वतःच वीज तयार करून देतो, कागदावर भारी, पण त्याचा पंखा अखंड फिरतो. घुमटाच्या शेवटच्या घुमाऱ्यात तो पंखा ऐकू आला तर काय करणार? ऑनलाइनच हवा असेल तर दुसऱ्या खोलीत ठेवा. यूपीएसवर कॉम्प्युटर, इंटरफेस आणि हार्ड डिस्क एवढंच. वीज गेली की टेक सेव्ह करायचा आणि शहाण्यासारखं बंद करायचं, एवढ्यापुरताच तो असतो. वीज गेल्यावरही तास-दोन तास गायचं असेल तर तो इन्व्हर्टरचा प्रांत.

घरी इन्व्हर्टर आहे का? असेल तर मागचा खटका यूपीएस मोडवर हवा. त्या मोडमध्ये मेनवरून बॅटरीवरचा बदल साधारण १० मिलिसेकंदांत होतो आणि कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडवर राहिला तर कॉम्प्युटर दर वेळी बसणार. स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे खडबडीत वीज देणारा जुना इन्व्हर्टर असेल तर मात्र स्टुडिओ त्याच्यावर नकोच, ऑडिओत भुंगा शिरतो.

रोजची एक सवय: मॉनिटर स्पीकर सगळ्यात शेवटी चालू, सगळ्यात आधी बंद. माइकची केबल काढण्याआधी इंटरफेसवरचं, माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण बंद.

घुमटवाला_डिचोली
इन्व्हर्टर आहे, खटका साध्या मोडवर होता! वर्षभर शिव्या विजेला घालत होतो. आणि माइकला पावसात मध्येच चरचर येते, तीही अर्थमुळेच का?

पेडण्याची_मिक्सिंगवाली
ती बहुतेक दमट हवा. कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलवर ओल बसली की अशीच चरचर येते. काम झालं की माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. रंग बदलणारं घ्या, केशरी असेल तर बरं, कारण निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की मंद आचेवर तापवून परत वापरता येतं, फक्त रोजच्या कढईत नको. एसी असेल तर तो बंद करून लगेच खिडक्या उघडू नका, बाहेरची ओली हवा थंड उपकरणांवर घाम आणते. आणि श्रावणात काम नसलं तरी आठवड्यातून एकदा सगळं तासभर चालू ठेवा.

घुमटवाला_डिचोली
ठरलं. आधी वायर, खड्डा आणि आरसीसीबी, मग व्होल्टेज प्रोटेक्टर आणि एसपीडी, उरले पैसे तर यूपीएस. एसपीडीसाठी वेगळा खड्डा मारू?

फोंड्याचा_वायरमन
नको. त्याच पट्टीला. आणि खड्ड्याची जोडणी मातीत गाडून टाकू नका, चेंबर करून झाकण ठेवा, दर उन्हाळ्यात उघडून बघता येतं.