मदत हवी आहे: इलेक्ट्रिक डॉज चार्जर डेटोना गाडीचं ट्यूनिंग. पैसे सॉफ्टवेअरवर घालावेत की टायरांवर?

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला राहतो. गेल्या हिवाळ्यात वापरलेली डॉज चार्जर डेटोना आर/टी घेतली, इलेक्ट्रिकवाली. त्याआधी व्ही-८ चॅलेंजर होती आणि तिच्यावर मी मनापासून काम केलं होतं. या गाडीसाठी चारेक हजार डॉलर बाजूला ठेवलेत. ते कुठे घालावेत यावर जाणकारांचं मत हवंय.

जुन्या गाडीत वाट ठरलेली असायची. हवा जास्त आत घ्यायची, त्या मानाने इंधन वाढवायचं, स्पार्कचं टायमिंग जुळवायचं. सुपरचार्जर असेल तर लहान पुली बसवायची आणि ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, नवीन ट्यून फ्लॅश करायचा. शनिवारी सकाळी सुरू केलं की संध्याकाळी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर फरक कळायचा. इथे बॉनेट उघडल्यावर हात घालावा असं फारसं काही नाही. बॅटरी किती करंट देणार, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी बदलून देणारा भाग) किती सोसणार, मोटर किती तापू द्यायची, या तीन गोष्टींवर ताकद ठरते आणि तिन्हींच्या मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या असतात.

माझी गाडी ४५६ हॉर्सपॉवरची. स्टिअरिंगवरचं पॉवरशॉटचं बटण दाबलं की काही सेकंद आणखी ४० मिळतात. स्कॅट पॅकमध्ये, म्हणजे याच गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये, हेच आकडे ६३० आणि ६७० आहेत. २०२२ साली लास व्हेगासच्या सेमा शोमध्ये (गाड्यांच्या जादा पार्टच्या प्रदर्शनात) डॉजने या गाडीच्या कन्सेप्टबरोबर ताकदीच्या नऊ पायऱ्या जाहीर केल्या होत्या आणि वरच्या पायऱ्या डायरेक्ट कनेक्शन या आपल्याच परफॉर्मन्स पार्टच्या विभागामार्फत किट म्हणून विकायचं ठरवलं होतं. तेव्हाचे डॉजप्रमुख टिम कुनिस्किस यांची भूमिका स्पष्ट होती: गाडीत बदल करू नका असं आम्ही म्हणणार नाही, पण ते बदल आमच्यामार्फत व्हावेत. तेव्हा मला हे पटलं होतं. पण ८०० व्होल्टची बॅन्शी ही सगळ्यात ताकदवान आवृत्ती आलीच नाही, २०२६ च्या यादीतून इलेक्ट्रिक आर/टी गेली, आणि त्याच बॉडीत पेट्रोलवरचं ट्विन-टर्बो सहा सिलिंडर सिक्सपॅक आलं. कुलूप कंपनीचं आणि किल्लीही तिच्याकडेच, अशा वेळी आमच्यासारख्या मालकांसाठी नवीन किट काढण्यात तिला किती रस राहील, ही माझी खरी काळजी आहे.

बाहेरून कुलूप उघडायचं म्हटलं तर टेस्लाचं उदाहरण समोर आहे. मॉडेल ३ ला लवकर वेग पकडू देणारा अ‍ॅक्सिलरेशन बूस्ट टेस्ला २,००० डॉलरला विकत होती. क्वेबेकच्या इंजेनेक्स्टने २०२० मध्ये तेच काम करणारं छोटं मॉड्यूल कमी पैशांत काढलं. त्याच वर्षी टेस्लाच्या अपडेटने ते ओळखलं आणि स्क्रीनवर ‘विसंगत बदल’ आढळल्याचा इशारा येऊ लागला. इंजेनेक्स्टने त्यावरही तोड काढली, पण दर अपडेटला धास्ती घेऊन मला गाडी चालवायची नाही.

डॉजच्या बाबतीत आणखी एक भिंत आहे. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी जीप चेरोकीचा दुरून ताबा घेऊन दाखवला, १४ लाख गाड्या रिकॉलमध्ये गेल्या, आणि २०१८ पासून जीप आणि डॉज दोन्ही बनवणाऱ्या या समूहाच्या गाड्यांत सिक्युअर गेटवे आला. ओबीडी पोर्टला (गाडी तपासायच्या जोडणीला) काहीही जोडून आत लिहिता येत नाही. सुरक्षेसाठी ते हवंच, त्याबद्दल तक्रार नाही.

तरी इथल्या एका दुकानाने मला ‘६० हॉर्सपॉवर वाढवून देतो’ म्हणून सांगितलं आहे. मी विचारलं, पाव मैल पूर्ण ताकदीने पळवायच्या लागोपाठ तीन-चार रनमध्ये इन्व्हर्टर आणि सेल किती तापतात त्याचा लॉग दाखवा. लॉग काही मिळाला नाही, फक्त एक व्हिडिओ आला.

तर प्रश्न असे:
सॉफ्टवेअरच्या वाटेने जायचं असेल तर कंपनीबाहेर काही विश्वासाचं आहे का? ६० हॉर्सपॉवरचा बॅटरीवर नक्की किती भार पडतो? आणि हे सगळं सोडून टायर, रिम, ब्रेक, सस्पेन्शनवर पैसे घातले तर पाव मैलात फरक दिसेल का? मला गाडी पळवायची आहे, नुसती सजवायची नाही.

प्रतिसाद १

दादा, मी पुण्यात मोटर-इन्व्हर्टर टेस्टिंगमध्ये आहे. गणित साधं आहे, ते आधी करून बघा.

४५६ हॉर्सपॉवर म्हणजे ३४० किलोवॉट. पॅक ४०० व्होल्टचा धरला तर ८५० अँपिअर. त्यात ६० वाढवले की ३८५ किलोवॉट, म्हणजे सुमारे ९६० अँपिअर. ताकद १३ टक्के वाढली, पण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती २८ टक्के वाढली. शिवाय चार्ज उतरला की व्होल्टेज पडतं. ३५० व्होल्टला तेच ३८५ किलोवॉट हवे असतील तर ११०० अँपिअर लागतील. म्हणून कंपनी ही जादा ताकद काही सेकंदांपुरतीच देते. तुम्ही लॉग मागितलात ते अगदी बरोबर केलंत. जो लॉग देत नाही त्याला हाय-व्होल्टेज वायरिंगला हात लावू देऊ नका.

फुकटातली ताकद आधी वापरा. चार्ज भरपूर ठेवा आणि रनच्या आधी गाडीतलं रेस प्रेप चालू करून बॅटरी योग्य तापमानाला आणा. तुमच्याकडच्या थंडीत गार सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, तिथेच बरंच काही हातचं जातं.

प्रतिसाद २

मित्रा, मी डेट्रॉइटजवळ नोव्हायला असतो, आयुष्य चॅसिसच्या कामात गेलं. माझं मत टायरच्या बाजूने.

तुझ्या गाडीचं वजन ५,८०० पौंडांच्या आसपास. चॅलेंजरपेक्षा दीड हजार पौंड तरी जास्त. आणि मोटरचा टॉर्क शून्यापासून पूर्ण येतो. पहिल्या ६० फुटांत तो रस्त्याला पोचवणारी एकच गोष्ट आहे, रबर. चांगले समर टायर आणि हलके फोर्ज्ड रिम घे. फक्त लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) कारखान्याच्या टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नकोस. पकड चांगली म्हणून कमी भाराचे टायर या वजनाखाली घालणारे लोक मी पाहिलेत, साइडवॉलला फुगे येतात.

दुसरं, ब्रेक. रीजेनमुळे (मोटरच गाडी हळू करून बॅटरी चार्ज करते) पॅड वर्षानुवर्षं टिकतात, पण आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने डिस्क गंजतात. एकदा उघडून बघ, स्लायडर पिनना ग्रीस लाव, ब्रेक फ्लुइड बदल. पाव मैलाच्या शेवटी ही गाडी थांबवायची असते हे विसरू नकोस.

वॉरंटीचं म्हणशील तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे बाहेरचा पार्ट लावला एवढ्यावरून ती नाकारता येत नाही, बिघाड त्या पार्टमुळेच झाला हे कंपनीला दाखवावं लागतं. रिमवरून बॅटरीचा क्लेम नाकारणं अवघड. इन्व्हर्टरच्या वायरीत मॉड्यूल बसवलंस तर मात्र तू त्यांच्या हातात कारण देतोस, आणि आठ वर्षं किंवा एक लाख मैलांची बॅटरीची वॉरंटी ही या गाडीतली सगळ्यात महागडी गोष्ट आहे.

धागाकर्ता

ताई, काका, दोघांचेही मनापासून आभार. त्या दुकानाला नाही म्हणून कळवलं. २८ टक्क्यांचा आकडा वाचल्यावर विचार करायला काही उरलं नाही.

टायर-रिम नक्की. काका, एकच विचारतो: चारही चाकांना एकच माप ठेवू की मागे रुंद घेऊ? गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, तेव्हा पुढच्या-मागच्या टायरच्या व्यासात थोडा जरी फरक पडला तर ट्रॅक्शन कंट्रोल मध्ये पडेल का? कुणी स्कॅट पॅकचे रिम आर/टीला बसवले असतील तर ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते माप) किती होता तेही सांगा. फेंडरच्या आतल्या बाजूला जागा किती आहे ते या रविवारी मोजून इथे टाकतो.