आरक्षण उठल्यावर काय झालं? (अनुभव धागा)

महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निम्म्या जागा बायकांसाठी आहेत. पण आरक्षण फिरतं असतं. सोडत निघते, वॉर्ड खुला होतो. ज्यांनी पद सांभाळलं किंवा घरात कुणाला सांभाळताना पाहिलं, त्यांनी जरूर लिहा.

माजी सरपंच, सातारा जिल्हा
पहिले सहा महिने रजिस्टर सहीसाठी घरी यायचं. चूल बाजूला ठेवून सही करायची, वाचायचं काही नाही. मग महिला ग्रामसभा आली. मोठ्या ग्रामसभेआधी ती घ्यावीच लागते. वरच्या आळीच्या बायका उठून म्हणाल्या, टाकी रोज भरते, मग आमच्या नळाला पाणी का नाही? मला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांना सांगितलं, भाऊसाहेब, यापुढे सही ऑफिसात बसून, वाचून करणार. घरी आठवडाभर अबोला होता. वरच्या आळीची पाइपलाइन मात्र त्याच वर्षी झाली.
पाच वर्षांनी पद खुलं झालं. पॅनेलकडे गेले तर म्हणाले, "ताई, आता बायकांची सीट नाही." खुली म्हणजे पुरुषांची, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? अपक्ष लढले, थोडक्यात पडले.

मुलगा, यवतमाळ
माझी आई दुसऱ्यांदा खुल्या जागेवर निवडून आली. पहिल्या खेपेला तिने विधवा बायकांचे निराधार योजनेचे अर्ज स्वतः तहसीलला नेऊन दिले होते. प्रचाराला त्याच बायका घरोघरी फिरल्या.

स्टॉकहोमहून (स्वीडन)
इथे तीन वर्षं राहिल्यावर नागरिकत्व नसतानाही मी नगरपालिकेला मतदान केलं. सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या यादीत एक बाई, एक पुरुष अशी नावं असतात. १९९४ च्या निवडणुकीत त्यांनी हे आपणहून केलं, कायद्याची सक्ती नव्हती. त्या वर्षी संसदेत बायका ४० टक्क्यांवर गेल्या. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४. पक्षांनी मनावर घेतलं तर सोडतीची वाट बघावी लागत नाही, असं मला मनापासून वाटतं.

धागाकर्ती
साताऱ्याच्या ताई, पुन्हा उभ्या राहणार का?

माजी सरपंच, सातारा जिल्हा
हो. फॉर्मला लागणारा, घरात शौचालय असल्याचा दाखला काढून ठेवलाय. या वेळी वरच्या आळीच्या दोघी माझ्याबरोबर फॉर्म भरणार आहेत.