मदत हवी आहे: स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासातले आकडे आईला कसे समजावू?

नमस्कार. इथे मानसोपचारतज्ज्ञ किंवा संख्याशास्त्रातलं कुणी असेल तर कृपया पूर्ण वाचा.

मी 4 वर्षं डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला आहे. दादा आईबाबांजवळ सांगलीत. त्याला स्किझोफ्रेनिया होऊन 11 वर्षं झाली. पाहुणे आले की आई अजूनही त्याच्या गोळ्या रव्याच्या डब्यामागे सरकवते. आमच्याकडे आधी कुणालाच हा आजार नव्हता, तरी नातेवाइकांचं ठरलेलं: "तिच्या माहेरचंच असणार."

इथे आल्यावर पिवळं हेल्थकार्ड मिळालं, त्यावर दहा आकडी सीपीआर नंबर (इथला ओळख क्रमांक). 1968 पासून तो इथल्या प्रत्येक रहिवाशाला असतो आणि नोंदीत आईवडिलांशी जोडलेला असतो. मनोरुग्णालयात दाखल झालेल्यांची नोंद 1969 पासून संगणकावर आहे, बाह्यरुग्णांची 1995 पासून. सीपीआरच्या आणि रुग्णांच्या नोंदी जुळवल्या की कोण कुठे जन्मलं, कुणाच्या भावंडाला आजार झाला, हे अख्ख्या देशाचं दिसतं. कुणाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही. (दवाखाने बदलता बदलता दादाचे पहिल्या 3 वर्षांचे कागद आमच्याकडून हरवले, त्यामुळे हे वाचताना फार वाटलं.)

या नोंदींवरचा डॅनिश संशोधक प्रेबेन बो मॉर्टेनसेन आणि सहकाऱ्यांचा 1999 चा अभ्यास वाचला. साडेसतरा लाख लोक, त्यांत 2,669 रुग्ण. आईला आजार असेल तर मुलाला धोका 9 पट, भावंडाला असेल तर 7 पट. पण एकूण रुग्णांपैकी या कौटुंबिक इतिहासाच्या वाट्याला फक्त 5.5 टक्के येतात, कारण अशी घरंच मुळात थोडी. उलट राजधानीत जन्मलेल्यांचा धोका खेड्यातल्यांच्या 2.4 पटच, पण शहरात जन्मणारे खूप, म्हणून जन्मस्थळाचा वाटा 34.6 टक्के.

मला वाटलं, आईच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले नाही, मुंबईतच राहिले, म्हणून झालं का गं?"

मला उत्तर देता आलं नाही.

मग आणखी शोधलं. मॉर्टेनसेन यांच्याच गटाने 2006 मध्ये भावंडं तपासली. स्वतः खेड्यात जन्मलेल्यांचाही धोका जास्त निघाला, जर त्यांचं आधीचं भावंड राजधानीत जन्मलेलं असेल तर. (मी तशीच: दादा मुंबईचा, मी आईच्या माहेरची.) स्वीडनच्या 2015 च्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर दाट वस्तीचा परिणाम जवळजवळ उरलाच नाही. म्हणजे बाळंतपण कुठे झालं हे मूळ कारण नसावं, शहराकडे जाणाऱ्या कुटुंबांतलंच काहीतरी असावं. मी बरोबर वाचतेय ना?

दुसरा गुंता. स्वीडनच्याच 2009 च्या, 20 लाखांहून अधिक कुटुंबांच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा 64 टक्के आहे. 5.5 आणि 64 एकाच वेळी खरे कसे? मला वाटतं, बहुतेक जनुकं आजार न दाखवता पुष्कळ माणसांत विखुरलेली असतात, म्हणून रुग्णाच्या घरात दुसरा रुग्ण सहसा सापडत नाही. हे चुकत असेल तर सांगा.

आणि मुख्य मदत: 'वाटा' म्हणजे 'दोष' नव्हे, हे सातवी शिकलेल्या बाईला पटेल असं मराठीत कसं सांगू? एखादं घरगुती उदाहरण सुचवा. रविवारी आईचा फोन येतो, ती पुन्हा विचारणार आहे.